पाण्यासाठी लावलेले रान

१/
रिओ दि जानेरो म्हटले की कोर्कोवादो डोंगरावर हात पसरून उभी असलेली ख्रिस्तमूर्ती डोळ्यांपुढे येते. छायाचित्रात त्या मूर्तीखाली दाट हिरवे रान दिसते आणि ते अनादि काळापासून तिथेच असावे असे वाटते. प्रत्यक्षात १८५० च्या सुमारास या डोंगररांगेचा मोठा भाग कॉफीचे मळे, लाकूडतोड आणि कोळशाच्या भट्ट्या यांनी बोडका झालेला होता. आजचे तिजुकाचे अरण्य बव्हंशी त्यानंतरचे आहे. शहराला पाजणारे झरे आटू लागले, म्हणून ते पुन्हा उभे करण्यात आले. ते कसे उभे राहिले आणि कोणाच्या हातांनी, त्याचा हा इतिहास.

२/
रिओची स्थापना १५६५ ची. समोर समुद्र, मागे डोंगर आणि मध्ये दलदल अशी ही जागा. विहिरींचे पाणी बहुतेक ठिकाणी मचूळ लागे. गोड्या पाण्यासाठी डोंगरावरून उतरणाऱ्या ओढ्यांकडेच पाहावे लागे. त्यांतला मुख्य ओढा म्हणजे कारिओका. रिओच्या रहिवाशाला आजही 'कारिओका' म्हणतात, ते या ओढ्यावरूनच. नगरवासीयांनी आपली ओळख ज्याच्या नावाने सांगावी, इतके त्या पाण्याचे महत्त्व होते.

३/
कारिओकाचे पाणी शहरात आणण्यासाठी पोर्तुगीजांनी दगडी जलवाहिनी बांधली. १७५० मध्ये तिचे आजचे रूप पूर्ण झाले. दोन मजली ४२ कमानींची ही भिंत रिओच्या लापा भागात अजून उभी आहे. १८९६ पासून तिच्यावरून ट्राम धावू लागली, म्हणून अनेकांना तो पूल वाटतो. मुळात ते पाण्याचे पाट होते. डोंगरातून आलेले पाणी चौकातल्या कारंज्यांत पडे आणि तिथून घरोघर पोहोचे.

४/
ते पोहोचवीत गुलाम. डोक्यावर पिंप घेऊन कारंज्यापाशी रांगा लावणारे आफ्रिकी स्त्री-पुरुष हे त्या काळच्या रिओचे रोजचे दृश्य होते. १८४९ च्या मोजणीत या शहरात सुमारे ८० हजार गुलाम होते. अमेरिका खंडातल्या दुसऱ्या कोणत्याही शहरात इतके गुलाम नव्हते. कारंज्याची धार बारीक झाली की रांग लांबे, भांडणे होत आणि त्याची झळ प्रथम या माणसांना लागे. तिजुकाच्या रानाचा इतिहास वाचताना हे चित्र विसरून चालत नाही.

५/
१८०८ मध्ये नेपोलियनच्या सैन्यापुढून निघालेले पोर्तुगालचे राजघराणे सारा दरबार घेऊन रिओत उतरले. वसाहतीतले एक बंदर रातोरात साम्राज्याची राजधानी बनले. माणसे वाढली, वाडे वाढले, पाण्याची मागणी वाढली. त्याच सुमारास डोंगरावर दुसरी एक गोष्ट घडत होती: कॉफीची लागवड.

६/
कॉफीला उंची, उतार आणि ताजी मोडलेली जंगलजमीन मानवते. तिजुकाच्या डोंगरात तिन्ही गोष्टी होत्या, शिवाय बंदर हाताशी होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथे ब्राझीलमधल्या पहिल्या मोठ्या कॉफीमळ्यांपैकी काही उभे राहिले. पद्धत सोपी होती: रान तोडायचे, जाळायचे, राखेत रोपे लावायची. उतारावर आडवे बांध घालण्याची तसदी कोणी घेत नसे. वीस-तीस वर्षांत माती वाहून जाई, झाडे म्हातारी होत आणि मळेवाला पुढचा डोंगर धरी.

७/
कॉफीला जोड होती सरपणाची. राजधानीतल्या चुली, भटारखाने, लोहारांच्या भट्ट्या यांना कोळसा आणि जळण लागे, आणि ते जवळच्या डोंगरांतूनच येई. रिओभोवतीच्या डोंगरांत जुन्या कोळसाभट्ट्यांच्या शेकडो जागा संशोधकांनी शोधून काढल्या आहेत. उतारावर सपाट केलेला एखादा ओटा, खाली काळी माती आणि कोळशाचे तुकडे, एवढीच त्यांची खूण. आज त्यांच्यावर मोठे वृक्ष उभे आहेत.

८/
उघडा डोंगर आणि आटलेला झरा यांचा संबंध कोकणातल्या माणसाला सांगावा लागत नाही. रिओचे डोंगर नाइस आणि ग्रॅनाइट या कठीण खडकांचे आहेत. वर मातीचा थर. रान असते तेव्हा पालापाचोळा पावसाचा मार झेलतो, मुळांच्या वाटांनी पाणी मातीत मुरते आणि पाऊस संपल्यावरही महिनोन्महिने झऱ्यांतून पाझरत राहते. पालापाचोळा गेला आणि माती घट्ट झाली की तेच पाणी वरच्यावर धावत सुटते. मग पावसाळ्यात गढूळ लोंढा आणि कोरड्या महिन्यांत रिकामे पाट, अशी दोन्हीकडून आपत्ती येते.

९/
धोका राज्यकर्त्यांच्या लक्षात आला नव्हता असे नाही. १८१७-१८ मध्येच राजा सहावा जोआव याने कारिओकाच्या झऱ्यांभोवती वृक्षतोडीला मनाई केली होती. परंतु मळेवाले वजनदार होते आणि डोंगरावर पहारा ठेवणे अवघड होते. हुकूम कागदावर राहिला. त्यानंतर १८२४, १८२९, १८३३ आणि १८४४ या वर्षांत शहराने लागोपाठ पाणीटंचाई सोसली.

१०/
रान आणि पाणी यांच्या नात्यावर त्या काळी जगभर विचार चालू होता. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट याने १८०० मध्ये व्हेनेझुएलातले वालेन्सिया सरोवर उतरताना पाहिले आणि भोवतालच्या जंगलतोडीला त्याचे कारण मानले. मुंबई इलाख्यातही हीच चिंता व्यक्त होत होती. पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती-उद्यानाचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यांनी कोकणातली जंगले तुटून झरे-ओढे आटत असल्याकडे सरकारचे लक्ष वेधले. १८४७ मध्ये तेच इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले.

११/
ब्राझीलमध्ये हा विचार आणखी खोल गेला. स्वातंत्र्याच्या शिल्पकारांपैकी एक असलेले जोझे बोनिफासियो हे खनिजशास्त्राचे अभ्यासक होते. गुलामगिरी रद्द करण्यासाठी त्यांनी १८२३ मध्ये जे निवेदन लिहिले, त्यात जंगलांच्या नाशाचाही प्रश्न मांडला. फुकटचे मजूर हाताशी आहेत म्हणूनच मळेवाला जमीन सुधारण्याऐवजी नवे रान जाळतो, अशी त्यांची मांडणी होती. हे चालू राहिले तर देशाचे वाळवंट होईल, असा इशाराही त्यांनी दिला. निवेदन चर्चेला येण्याआधीच संविधानसभा बरखास्त झाली आणि बोनिफासियो यांना देश सोडावा लागला.

१२/
१८४४ च्या अवर्षणानंतर मात्र झऱ्यांभोवतीच्या जमिनी सरकारने घ्याव्यात आणि तिथे झाडे लावावीत, असा प्रस्ताव पुढे आला. प्रत्यक्ष भूसंपादन १८५० च्या दशकाच्या मध्यात सुरू झाले. ते करणारे मंत्री लुईस पेद्रेइरा दो कोउतो फेराझ हे सम्राट दुसऱ्या पेद्रोच्या विश्वासातले होते. मोबदला देऊन एकेक मळा सरकारजमा होऊ लागला. काळही अनुकूल होता: तिजुकाची जमीन थकली होती आणि कॉफीचे भांडवल डोंगरापलीकडच्या पाराइबा खोऱ्याकडे निघाले होते. त्या खोऱ्याचा संदर्भ पुढे पुन्हा येईल.

१३/
याच वर्षांत मुंबईही तहानलेली होती. १८५४ च्या टंचाईनंतर साष्टीत विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६० पर्यंत त्याचे पाणी शहरात आले. त्या तलावाचे पाणलोट क्षेत्र आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानाने झाकलेले आहे. समुद्रकाठच्या दोन बंदरांनी, एकमेकांपासून हजारो मैलांवर, आपल्या पाठीमागच्या डोंगराकडे पाण्यासाठी पाहिले. मुंबईने तिथे धरण बांधले. रिओने झाडे लावायची ठरवली.

१४/
११ डिसेंबर १८६१ रोजी ब्राझीलच्या कृषी मंत्रालयाने तिजुका आणि पाइनेइरास या दोन वनांच्या लागवडीसाठी आणि रक्षणासाठी नियम जारी केले. उघड्या पडलेल्या जागी, ओढ्यांच्या काठांपासून सुरुवात करून झाडे लावावीत असा त्यांचा रोख होता. पाइनेइरासची जबाबदारी तोमाझ नोगेइरा दा गामा यांच्याकडे आणि तिजुकाची मेजर मानुएल गोमेस आर्चर यांच्याकडे गेली. जलपुरवठ्यासाठी उष्ण कटिबंधात सरकारने हाती घेतलेल्या अगदी सुरुवातीच्या वनलागवडींपैकी ही एक होय.

१५/
आर्चर हे वनशास्त्राचे पदवीधर नव्हते. शहराच्या पश्चिमेला ग्वारातिबा येथे त्यांची शेती होती आणि देशी झाडे वाढवण्याचा हातचा अनुभव होता. युरोपात वनशास्त्राच्या शाळा होत्या, पण त्यांत शिकवले जाई ते एकाच जातीच्या पाइन किंवा ओकची शेती कशी करावी हे. शेकडो जातींचे उष्ण प्रदेशातले मिश्र रान पुन्हा कसे लावावे, याचे पुस्तक तेव्हा उपलब्ध नव्हते. आर्चर यांनी ग्वारातिबाहून आणि आसपासच्या शिल्लक रानांतून रोपे आणली. बहुतेक जाती स्थानिक होत्या. त्यांत काही फणस, निलगिरी असे परदेशी वृक्षही मिसळले.

१६/
१८६२ च्या आरंभी काम सुरू झाले. आर्चर यांच्या हाताखाली सहा माणसे होती आणि सहाही गुलाम होती. एलेउतेरियो, कॉन्स्तांतिनो, मानुएल, मातेउस, लेओपोल्दो आणि मारिया. त्यांची आडनावे नाहीत, चित्रे नाहीत, त्यांनी काही सांगितल्याची नोंदही नाही. खड्डे खोदणे, रोपे पाठीवर वाहून चढ चढणे, पावसाळी हवेत लावणी करणे, गवत काढणे, मेलेल्या रोपाच्या जागी नवे लावणे, हे सारे काम या सहा जणांचे होते. नंतर मजुरीवर काम करणारे लोकही आले. पण आरंभीची वर्षे या सहांची.

१७/
आर्चर यांनी १८७४ पर्यंत काम पाहिले. बारा-तेरा वर्षांत ६० हजारांहून अधिक झाडे लावली गेली. त्यांच्यानंतर आलेल्या बॅरन देस्क्रान्योल यांच्या कारकिर्दीतली झाडे धरली तर आकडा लाखाच्या घरात जातो. सम्राटाच्या दूरदृष्टीचे, मेजरच्या चिकाटीचे आणि लाख झाडांचे हे वर्णन ब्राझीलमध्ये फार लोकप्रिय आहे. ते खोटे नाही. मात्र एक साधा हिशेब केला तर ते अपुरे असल्याचे दिसते.

१८/
तिजुका राष्ट्रीय उद्यानाचे आजचे क्षेत्र सुमारे ३,९५० हेक्टर आहे. लाख झाडे त्यावर सारखी पसरली तर हेक्टरी पंचवीस, म्हणजे एकरी दहा, म्हणजे चार गुंठ्यांत एक झाड. एवढ्या विरळ लागवडीला कोणी अरण्य म्हणणार नाही. तेव्हा लागवड ओढ्याकाठच्या आणि उघड्या पडलेल्या ठरावीक भागांतच दाट झाली असणार. उरलेले रान आपोआप वाढले. मळे उठले, कुऱ्हाड थांबली, आगी थांबल्या. मग घळींमध्ये वाचलेल्या जुन्या झाडांचे बी वाऱ्याने आणि पाखरांनी उतारांवर पसरवले.

१९/
म्हणून १८६१ च्या नियमांइतकेच १८५० च्या दशकातले भूसंपादनही महत्त्वाचे ठरते. जमीन मोकळी होऊन राखली गेली नसती तर लाख रोपे जनावरांनी आणि कोळसेवाल्यांनी संपवली असती. उलट बाजूही खरी आहे. जिथे मातीच उरली नव्हती तिथे रान स्वतःहून लवकर परतले नसते. तिथे माणसाने खड्डा खोदणे भाग होते. लावणे आणि राखणे या दोन कामांत राखण्याचे काम नेहमीच कमी दिसते आणि जास्त काळ चालते. महाराष्ट्रातल्या ज्या गावांनी पुढे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून आपले डोंगर हिरवे केले, त्यांचाही अनुभव हाच आहे.

२०/
देस्क्रान्योल यांच्या काळात, १८७४ ते १८८८ या वर्षांत, रानाला वाटा मिळाल्या. फ्रेंच उद्यानकार ओग्युस्त ग्लाझिऊ यांच्या साहाय्याने जुन्या मळ्यांतल्या खेचरवाटा आणि लाकूडवाटा नीट करण्यात आल्या. पूल, कारंजी आणि डोंगरमाथ्यावरची दर्शनस्थळे तयार झाली. राजधानीतले लोक उन्हाळ्यात गारव्याला येऊ लागले. १८८४ मध्ये कोर्कोवादोची रेल्वे सुरू झाली. यात हौसमौज होती, तसेच एक व्यावहारिक लाभही होता: लोकांचा वावर असलेल्या रानात चोरटी तोड लपून राहत नाही.

२१/
डोंगरातली पायवाट आणि पाणी यांचे नाते नाजूक असते. सरळ उतारावर पाडलेली वाट पहिल्या दोन पावसांत ओहोळ बनते आणि तिसऱ्या पावसात घळ. मग माती सुटते, गाळ झऱ्याच्या कुंडात जातो. वाट आडवी, वळणे घेत न्यावी लागते. ठरावीक अंतरावर दगड किंवा लाकूड आडवे घालून पाणी बाजूच्या रानात सोडावे लागते. सह्याद्रीतल्या जुन्या घाटवाटांची बांधणी पाहिलेल्याला हे ओळखीचे वाटेल. वाट राखणे हा पाणलोट राखण्याचाच एक भाग असतो.

२२/
एवढे करून रिओची तहान भागली का? भागली नाही. १८७२ च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास होती आणि वाढतच होती. तिजुकाचे झरे कितीही जपले तरी तेवढ्यांना पुरणे अशक्य होते. १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून दूरच्या तिंग्वा डोंगरांतून नळाने पाणी आणण्याचे काम झाले. १८८९ च्या मार्चमध्ये उकाडा, पीतज्वर आणि टंचाई एकत्र आली, तेव्हा पाउलो दि फ्रोंतिन या २८ वर्षांच्या अभियंत्याने सहा दिवसांत आणखी पाणी आणून दाखवतो म्हणून पैज घेतली आणि ती जिंकली. दररोज सुमारे दीड कोटी लिटर पाणी शहराला अधिक मिळू लागले.

२३/
शहराने सहा दिवसांचा चमत्कार डोक्यावर घेतला. सव्वीस वर्षांचे रान मागे पडले. मधल्या काळात राजवटही बदलली होती. १३ मे १८८८ रोजी गुलामगिरी रद्द झाली, पुढच्याच वर्षी राजेशाही गेली. नव्या प्रजासत्ताकाला सम्राटाच्या रानाचे फारसे अगत्य नव्हते. वाटा बुजल्या, बांधकामे ढासळली. पण जमीन सरकारचीच राहिली आणि रान आपल्या गतीने वाढत राहिले.

२४/
१९४३ मध्ये उद्योगपती आणि कलासंग्राहक रायमुंदो दि कास्त्रो माया यांनी एका क्रुझेइरोच्या नाममात्र मानधनावर या रानाची व्यवस्था हाती घेतली. वाटा आणि वास्तू पुन्हा उभ्या राहिल्या. बागरचनाकार रोबेर्तो बुर्ले मार्क्स यांनीही त्यात हात लावला. ६ जुलै १९६१ रोजी, पहिल्या नियमांना शंभर वर्षे होत असताना, हे क्षेत्र राष्ट्रीय उद्यान झाले. २०१२ मध्ये युनेस्कोने रिओच्या डोंगर-समुद्राच्या भूदृश्याला जागतिक वारसा म्हटले. त्या वारशातला एक मोठा भाग म्हणजे हे माणसाने परत आणलेले रान.

२५/
या रानात मराठी माणसाला ओळखीचे एक झाड भेटते: फणस. पोर्तुगीजांनी तो भारतातून ब्राझीलला नेला. त्याचे तिथले 'जाका' हे नाव मलयाळम 'चक्क' या शब्दातून आले आहे. उलट दिशेने ब्राझीलचा काजू गोव्यात आला आणि आपल्या तुपी भाषेतल्या नावासकट कोकणात रुजला. गोव्यात काजूचे कौतुक झाले. तिजुकात मात्र फणस इतका माजला की देशी झाडांना जागा मिळेना, आणि उद्यानाला त्याला आवर घालण्याची मोहीम घ्यावी लागली. लावलेल्या रानाला लावणाऱ्याच्या चुकाही वारशात मिळतात.

२६/
दुसरी उणीव प्राण्यांची. झाडे परतली, पण शिकारीने संपलेले प्राणी परतले नाहीत, आणि मोठ्या बिया वाहून नेणारे कोणी नसेल तर रान आतून म्हातारे होत जाते. २०१० च्या सुमारास आगूती हा बिया पुरून ठेवणारा कृंतक प्राणी तिथे पुन्हा सोडण्यात आला, २०१५ मध्ये तपकिरी हाउलर माकडे आणि २०२० मध्ये पिवळ्या पायांची कासवे. पहिल्या लागवडीनंतर दीडशे वर्षांनी तिजुकाच्या पुनरुज्जीवनाचे हे काम अजून चालू आहे.

२७/
आता कॉफी ज्या पाराइबा खोऱ्यात गेली, त्याच्याविषयी. तिथेही तेच घडले. रान जळाले, माती थकली, कॉफी पुढे साओ पाउलोकडे सरकली आणि मागे खुरट्या गवताचे उघडे डोंगर उरले. विसाव्या शतकात रिओला पुन्हा पाणी अपुरे पडले, तेव्हा १९५० च्या दशकात याच पाराइबा नदीचे पाणी वळवून ग्वांदू नदीत सोडण्यात आले. आज महानगरातल्या बहुसंख्य लोकांच्या नळाला ग्वांदूचे पाणी येते. एका डोंगरावरून दुसऱ्यावर ढकललेला प्रश्न शंभर वर्षांनी नळातून परत आला. २०१४-१५ च्या अवर्षणात पाराइबाची धरणे तळाला गेली, तेव्हा सगळ्या शहराला त्याची जाणीव झाली.

२८/
त्यावर सुरू झालेला एक उपाय तिजुकाची आठवण करून देणारा आहे. ग्वांदूच्या वरच्या पाणलोटात रिओ क्लारो या भागातल्या शेतकऱ्यांना आपल्या जमिनीवरचे रान राखल्याबद्दल आणि ओढ्याकाठी नवे रान येऊ दिल्याबद्दल पैसे देण्याची योजना २००९ च्या सुमारास सुरू झाली. हे पैसे पाणी वापरणाऱ्यांकडून गोळा होणाऱ्या निधीतूनही येतात. तत्त्व १८६१ चेच. फरक इतकाच की आता जमीन शेतकऱ्याची राहते आणि राखणीला मोल मिळते.

२९/
शहरातही असेच काही घडले. १९८६ पासून रिओच्या नगरपालिकेने झोपडवस्त्यांवरच्या उघड्या डोंगरांवर झाडे लावण्यासाठी त्याच वस्त्यांतल्या रहिवाशांना मोबदला देऊन कामाला घेतले. १९६६ आणि १९६७ च्या अतिवृष्टीत दरडींखाली शेकडो माणसे गेली होती. उघडा उतार कोणाचा जीव घेतो हे या वस्त्यांना चांगले ठाऊक होते. तेव्हापासून एक कोटीच्या आसपास रोपे लावली गेली. आर्चर यांच्या लाख झाडांपेक्षा ही संख्या कितीतरी मोठी आहे, पण तिची कथा फारशी सांगितली जात नाही.

३०/
आज रिओच्या डोंगरांतून ट्रान्सकारिओका नावाची सुमारे १८० किलोमीटरची पायवाट जाते. बारा दि ग्वारातिबापासून निघून ती तिजुकाच्या रानातून उर्का डोंगरापर्यंत पोहोचते. तिच्या डागडुजीचा मोठा भार स्वयंसेवक उचलतात: पाणी बाहेर काढणारे आडवे चर साफ करणे, ढासळलेली कड सावरणे, चुकीच्या आडवाटा बंद करून तिथे रोपे लावणे. वाटेचा आरंभ ज्या ग्वारातिबात होतो, तिथूनच १८६२ मध्ये रोपे तिजुकाला गेली होती.

३१/
एकोणिसाव्या शतकात रान लावले की पाऊस येतो अशी समजूत होती. आजचे जलशास्त्र इतके सरळ उत्तर देत नाही. झाडे स्वतःही पाणी पितात आणि काही ठिकाणी ओढ्याचा एकूण प्रवाह त्याने कमीही होतो. परंतु माती जागेवर राहणे, पूर मंदावणे, पाणी स्वच्छ उतरणे आणि मुरलेले पाणी सावकाश पाझरणे ही रानाची कामे निर्विवाद आहेत. रिओच्या राज्यकर्त्यांचा सिद्धान्त अर्धा बरोबर होता. सुदैवाने त्यांनी केलेले काम त्या सिद्धान्ताहून अधिक बरोबर निघाले.

३२/
जंगल तोडणारे गुलाम होते, कॉफी वेचणारे गुलाम होते, आटलेल्या कारंज्यापाशी रांगेत उभे राहणारे गुलाम होते. आणि शेवटी डोंगर पुन्हा हिरवा करायला खड्डे खोदणारेही गुलामच होते. बोनिफासियो यांनी १८२३ मध्ये जोडून मांडलेले दोन प्रश्न, माणसांचे आणि मातीचे, तिजुकाच्या एकाच उतारावर भेटले. मारियाने लावलेल्या झाडाची सावली कोणाला मिळाली आणि त्याचे पाणी कोणाच्या घरात गेले, हा प्रश्न या रानाच्या प्रत्येक वर्णनासोबत विचारला पाहिजे. पाणलोटाच्या कोणत्याही कामाची परीक्षा वरच्या माणसाला काय मिळाले यावरही व्हावी लागते, हे त्या डोंगराने शिकवले.